लोसा कशाला हसली?

पेसामिनोने छातीवर थाप मारून सांगितलं, "मासिना, रविवारच्या आत तुझी पोर हसली नाही, तर मी आयुष्यात पुन्हा सोंग घेणार नाही!"

हे बोलणं साधंसुधं नव्हतं. दूर दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर पेसामिनो म्हणजे हसवण्यातला बादशहा! लग्न असो की चर्चच्या नव्या छपराचा सोहळा, बाईचं सोंग घेऊन तो उभा राहिला की माणसं पोट धरून लोळायची. एकदा गावच्या एका प्रमुखांची कवळी उडून शेजारच्याच्या ताटात पडली होती आणि शेजाऱ्याने ती खोबरं समजून उचललीसुद्धा होती!

आणि इथे त्याची स्वतःची भाची, दोन वर्षांची लोसा, आठवडाभर त्याच्याकडे नुसती बघत होती.

बहीण मासिना तिला ऑकलंडहून घेऊन आली होती. तिथे मासिनाची रुग्णालयात रात्रपाळी, नवरा बोटीवर. पोरीला सांभाळणार कोण? म्हणून वर्षभर आजीपाशी ठेवायचा बेत. पण इथे आल्यापासून लोसा हसली नव्हती. खात होती, झोपत होती, रडतसुद्धा नव्हती. हसत मात्र नव्हती.

"दादा, जी पोर हसत नाही तिला इथे टाकून मी कशी जाऊ? मी तिला परत नेते." मासिनाचे डोळे भरून आले.

"रविवारपर्यंत थांब," पेसामिनो म्हणाला.

तो कामाला लागला. डोक्यावर पातेलं घालून नाचला. डुकराच्या पिल्लाला टोपी घालून त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. निरफणसाच्या झाडावरून मुद्दाम पडला, आणि दुसऱ्यांदा खरोखरच पडला. लोसा बघत राहिली, कर वसूल करायला आलेल्या साहेबासारखी!

हसत होती ती शेजारची पोरं. तिथल्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. त्यामुळे खांबाखांबाआड दहा-बारा पोरं खिदळत उभी. लोसा मामाकडे पाठ करून त्यांच्याकडेच मान वळवायची.

"चला, पळा इथून!" पेसामिनो ओरडायचा. "तुमच्या खिदळण्याने तिचं लक्ष उडतं! विनोद कळायला शांतता लागते!"

शुक्रवारी दुपारी त्याला संधी मिळाली. मासिना बोटीचं तिकीट आणायला बसने गेली होती. म्हातारी आई सेफिना झऱ्यावर अंघोळीला गेली होती. पेसामिनोने नारळाच्या झावळ्यांचे सगळे पडदे भरदुपारी खाली सोडले. आता एकही पोर आत डोकावणार नव्हतं!

मग त्याने आपलं सर्वांत गाजलेलं सोंग काढलं: कोंबडी मेलेली म्हातारी. आईचा झगा चढवला, डोक्यावर फडकं बांधलं आणि गळा काढला, "गेली गं माझी गेली! सकाळी तर चांगली चालत होती! आता मी कुणाकडे बघू?"

नेमकी त्याच वेळी शेजारची तिलोमाई रस्त्याने चालली होती. दिवसाढवळ्या पडदे खाली. आतून पेसामिनोचा आक्रोश. आणि म्हातारी सेफिना तर आठवडाभर खोकत होती.

"अरे देवा! सेफिना गेली!"

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. चर्चच्या दारात घंटा म्हणून टांगलेली गॅसची रिकामी टाकी टणाटण वाजली. बायका मयताच्या घरी द्यायच्या मानाच्या चटया काखेत मारून रडत निघाल्या. पाद्रीबुवा अर्ध्या जेवणातून उठले. पोरं तर सगळ्यांच्या पुढे!

पाद्रीबुवांनी हळूच पडदा वर केला. आत पेसामिनो आईच्या झग्यात छाती पिटत होता.

"बघा," तिलोमाई हुंदका देत म्हणाली, "आईच्या दुःखात आईचाच झगा घालून बसलाय लेक!"

"अहो, कोंबडी! कोंबडी मेली!" पेसामिनो धडपडत उठला.

"भ्रमिष्ट झाला बिचारा," पाद्रीबुवा म्हणाले आणि त्याला घट्ट धरून प्रार्थना म्हणू लागले. बायकांनी सूर लावला.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत, ओले केस पंच्याने पुशीत सेफिना आली.

"कोण गेलं हो?" तिने पाद्रीबुवांना विचारलं.

"आपणच, बाई," पाद्रीबुवा डोळे मिटूनच म्हणाले.

रडणं थांबलं. म्हातारीची नजर लेकाच्या अंगावरच्या झग्यावर खिळली.

तिलोमाईचा सात वर्षांचा सिआकी लोसाजवळ टेकला होता. त्याने ओठ घट्ट दाबले, पण नाकातून 'फुर्र' झालंच. लोसाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने लोसाकडे पाहिलं.

आणि लोसा हसली!

ती हसली म्हणून सिआकी फुटला, तो फुटला म्हणून त्याची बहीण, मग सगळी रांगच चटईवर आडवी! मोठी माणसं तोंड पाडून उभी होती, आणि लोसा त्या पोरांच्या ढिगात पाय झाडत हसत होती.

मासिना बसमधून उतरली तेव्हा तिला दारात चटया आणि पाद्री दिसले. ती किंचाळत धावली. पडद्यापाशी आली आणि तो आवाज ऐकून तिथेच थबकली. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली.

आलेल्यांना उपाशी पाठवता येत नाही, म्हणून घरचं सर्वांत लठ्ठ डुक्कर कापावं लागलं. "माझ्या मयताला मीच वाढतेय!" म्हणत सेफिना पानं वाढत होती.

"बघितलंस? हसवलीच शेवटी!" पेसामिनो बहिणीला म्हणाला.

"तू?" मासिना म्हणाली. "तिने तुझ्याकडे पाहिलं तरी का, दादा?"

त्याला ते लागलं. तो उठून पोरांच्या पंगतीत गेला. "सिआकी, खरं सांग, तू कशाला हसलास?"

"लोसा हसत होती म्हणून."

"आणि ती?"

"मी हसत होतो म्हणून."

"अरे पण त्यात गंमत काय होती?"

सिआकीने तोंडातला घास गालात सरकवला आणि मनापासून विचार केला. "काहीच नाही, मामा."

या उत्तरावर सगळी पंगत पुन्हा हसत सुटली. लोसा सगळ्यांत मोठ्याने.

मासिना रविवारी एकटीच निघाली. लोसाने घाईघाईने हात हलवला आणि ती पोरांमागे पळाली. मासिना रडली, पण जड मनाने नाही.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या गावात लग्न होतं. पेसामिनोला बोलावणं आलं. त्याने एकच अट घातली: सगळ्या लहान पोरांना पुढे, एकमेकांना अगदी खेटून बसवायचं.

"केवढी माया आहे हो तुमची पोरांवर!" नवरीची आई गहिवरून म्हणाली.

पेसामिनोने मान खाली घातली आणि होय म्हणून टाकलं.