बंद लिफ्टमधले तपासनीस

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं तपासनीस चारचौघांत सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. विमा कंपनीत त्यांचं कामच ते होतं. कोणाचं दुकान जळलं, कोणाच्या गोदामात पाणी शिरलं, की हे जागेवर हजर. राखेत बोट घालायचे, हुंगायचे आणि मालकाकडे असं काही बघायचे, की त्या बिचाऱ्यालाच वाटायला लागायचं, काडी आपणच तर लावली नाही ना?

पुढे इंधन महागलं. आधी कंपनीची गाडी गेली. मग ट्राम फक्त सकाळ-संध्याकाळ धावू लागली, आणि एके दिवशी त्यांच्या भागातली तर साफ बंदच झाली. जागेवर जाऊन तपासणी करायचे दिवस संपले. लोक नुकसानीचे फोटो पाठवू लागले, आणि फोटो हुंगून काय कळणार? तपासनीस चालत ऑफिसला जायचे, दिवसभर टेबलाशी बसायचे आणि पाय ओढत घरी यायचे. इतकी वर्षं कामावर खर्ची पडणारा संशय आता जसाच्या तसा शिल्लक राहू लागला. तो ते घरी आणू लागले.

घरात दोघंच. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. त्यामुळे संशय घ्यायला माणसं कमी होती, म्हणून त्यांनी सुरुवात सिलिंडरपासून केली. गॅस इतका महागला होता, की ऑफिसात लोक एकमेकांच्या तब्येतीऐवजी सिलिंडरची चौकशी करायचे. कोणाचा संपला होता, कोणाचा संपत आला होता. तपासनिसांचा मात्र संपायचं नाव घेईना. त्यांनी तो उचलून पाहिला तर कमरेत उसण भरली, इतका जड. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, जपून वापरते. आणि गुणगुणत कपडे वाळत घालायला गेली. ती गुणगुणते, हेही त्यांना नवीनच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर त्यांनी शेगडीच्या बटणांवर चिमूटभर पीठ भुरभुरलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर पीठ जागच्या जागी, एक कणही हललेला नाही. आणि ताटात वाफाळता भात, डाळ, दोन भाज्या! म्हणजे घरात विस्तव पेटत नव्हता, पण अन्न शिजत होतं. त्यात ते भलतंच चवदार. बायकोच्या हाताला आजवर जे साधलं नव्हतं, ते एकाएकी साधलं कसं? त्यांनी त्या भाजीवर गंभीर संशय घेतला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली.

मग त्यांनी ठरवलं, की जागेवर जाऊनच तपासणी करायची.

पोटात दुखतंय असं साहेबांना सांगून ते दुपारीच ऑफिसातून निघाले आणि बुटांचा आवाज न करता जिना चढले. लपायला जागा हवी होती. वीज परवडत नाही म्हणून इमारतीची लिफ्ट कधीचीच बंद होती आणि नेमकी त्यांच्याच, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबली होती. जुन्या पद्धतीची लिफ्ट, लोखंडी जाळीच्या दाराची. आत लिफ्टमनचं स्टूल तसंच होतं. तपासनीस आत शिरले, दार ओढून घेतलं, स्टुलावर बसले आणि तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. बाहेरची कडी आपोआप खाली पडली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दिवस कलला, तरी काही घडलं नाही. मग वरच्या मजल्यावरून घंटा वाजली. टण टण.

त्यासरशी त्यांच्या घराचं दार उघडलं. बायको बाहेर आली. केस नीट विंचरलेले, हातात रिकामं पातेलं. लिफ्टकडे न बघता ती झपाझप जिना चढून गेली. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि एक जाड पुरुषी आवाज म्हणाला, "या, या. मी वाटच बघत होतो."

बायको हसली. मग दोघंही हसले.

तो आवाज तपासनिसांनी ओळखला. वरच्या मजल्यावरचा ट्राम ड्रायव्हर. एकटा राहणारा, भरघोस मिशांचा, ट्राम बंद झाल्यापासून दिवसभर घरीच असलेला. आजवर किती जळक्या घरांत ते शांत डोक्याने फिरले होते! पण आता त्यांना समोरच्या वर्तमानपत्रातलं एक अक्षरही लागेना. ती अशी हसते, हे आपण विसरूनच गेलो होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचाच त्यांना जास्त धसका बसला.

वर जाऊन मुद्देमालासकट पकडायचं म्हणून ते उठले. दार ढकललं. दार हलेना. खांदा लावून पाहिला. लिफ्ट नुसती कुरकुरली.

ओरडावं, तर ओरडून सांगणार काय? इतक्यात खालून पावलं वाजली. शाळामास्तर, त्यांची बायको, दातांची डॉक्टरीण, सगळे हातात डबे-पातेली घेऊन वर निघालेले. तपासनिसांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. सगळे गेले. सर्वांत मागून तळमजल्यावरच्या आजी एकेक पायरी मोजत आल्या आणि जाळीपाशी थांबल्या.

"बाळा, ही लिफ्ट बंद आहे रे."

"माहीत आहे, आजी," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

आजी क्षणभर विचारात पडल्या. मग वर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की एक माणूस लिफ्टमध्ये वीज यायची वाट बघत बसलाय.

सगळी मंडळी खाली आली. मास्तरांच्या हातात डबा, बायकोच्या हातात वाफाळतं पातेलं, आणि सर्वांत पुढे एप्रन बांधलेला ट्राम ड्रायव्हर. त्याने हातातल्या झाऱ्याच्या दांड्याने कडी वर ढकलली आणि दार सरकवलं.

मग उलगडा झाला. एकेका घरात एकेक शेगडी पेटवणं कोणालाच परवडेना, तेव्हा साऱ्या इमारतीने मिळून एकच मोठी शेगडी तिसऱ्या मजल्यावर लावली होती. भाजी, धान्य सगळ्यांचं, चिरणं-निवडणं सगळ्यांकडे वाटून. स्वयंपाक मात्र ड्रायव्हरचा. रिकामं बसणं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि हाताला चव होती. अन्न तयार झालं, की तो ट्रामची जुनी घंटा वाजवायचा.

"मग मला का नाही सांगितलंस?" तपासनिसांनी बायकोला विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही ड्रायव्हरभाऊंच्या कढईचा पंचनामा केला असता."

"आणखी कोणाकोणाला माहीत नव्हतं?"

"फक्त तुम्हालाच," बायको म्हणाली. "मास्तर तर पहिल्या दिवसापासून लसूण सोलतायत." मास्तरांनी अदबीने मान हलवली.

मग तिने तपासनिसांना नीट न्याहाळलं. कोटाला लागलेली धूळ, उलटं धरलेलं वर्तमानपत्र, चुरगळलेला चेहरा. ऑफिस सोडून या वेळी लिफ्टमध्ये बसून ते काय करत होते, असं तिने विचारलं. त्यावर तपासनिसांनी जे उत्तर दिलं, ते एखाद्या दुकानदाराने दिलं असतं, तर त्यांनी त्याचा दावा जागच्या जागी फेटाळला असता.

पुढल्या सुट्टीच्या दिवशी त्यांना तिसऱ्या मजल्यावर कांदे चिरायला बसवलं. पहिल्याच कांद्याला डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या काही केल्या थांबेनात. शेजारी बसून शेंगा निवडणारी बायको थोडा वेळ बघत राहिली. मग हळूच, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असं तिने विचारलं, "अहो, हे कांद्याचंच ना?"

"कांद्याचंच," तपासनीस म्हणाले आणि मान खाली घालून दुसरा कांदा घेतला.

तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. शेंगांची परात उचलून ती त्यांच्या आणखी जवळ सरकून बसली.