चौथं चाक आणि एक कोंबडी

नाडकर्णीकाका माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, चाकांकडे बघतात. अमेरिकेत, शुगर लँडमध्ये मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा भीत भीत "नमस्कार काका" म्हटलं. ते माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. "पुढचं डावं टायर दमलंय," एवढंच म्हणाले. ही आमची ओळख.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी लाल मसल कार आहे. बॉनेट लांबलचक, आवाज राक्षसी, आणि मागे बसलं तर गुडघे कानाला लागतात. मुलगा रोहन हायस्कूलला होता, तेव्हा बापलेकांनी ती भंगारातून आणून उभी केली. सगळं अस्सल जमलं, फक्त चाकं सोडून. पाच आऱ्यांची ही चाकं म्हणे फक्त एकच वर्ष निघाली होती. तीन मिळाली. चौथ्याच्या जागी लाकडी ठोकळा. "तीन चाकांवर रिक्षा चालते," काका म्हणतात, "ही नाही."

रोहन आता नोकरीसाठी दूर रेडमंडला असतो. दर रविवारी फोन करतो. "बाबा, मिळालं?" मग काका आठवडाभराची शिकार सांगतात. कुठलं चाक नकली निघालं, कोण कसा फसवायला बघत होता. तो खो खो हसतो. बाकीचे विषय दोघांना जमत नाहीत. "जेवलास?" "हो." "पाऊस?" "आहे." संपलं.

शिकारीला काका मला नेतात, कारण मी बोलत नाही. "मुकीबाई, तू फक्त चाकाकडे बघत गप्प उभी राहा. समोरचा आपोआप भाव उतरवतो." खरंच उतरवतात. माझ्या लाजण्याचा जगात कुणाला तरी उपयोग आहे!

मागच्या रविवारी बरंच लांब ड्राइव्ह करून एका फार्मवर गेलो. चाक होतं कोंबड्यांच्या खुराड्यात. चाकावर गवत, गवतावर कोंबडी. ती अंडं घालतेय, तिला उठवायचं नाही, असं मालकीणबाईंनी बजावलं. काका भर उन्हात हात जोडून उभे. "होऊ दे बाई, सावकाश होऊ दे!" अखेर ती उठली. काकांनी चाक शर्टाने पुसलं, कलिंगडासारखं टिचकी मारून वाजवलं, मागचा नंबर वाचला, आणि मालकीणबाईंचा हात इतका वेळ हलवत राहिले की शेवटी कोंबडीच ओरडली.

येताना गाडी मी चालवली. काकांच्या मांडीवर चाक, पण चेहरा पंक्चर. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

गॅरेजमध्ये पाऊल टाकतोय तोच फोन वाजला. स्पीकरवर रोहन. "बाबा, मिळालं?"

काका चाकाकडे बघत राहिले. "बाबा? हॅलो? आर यू देअर?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या रविवारी हा काय विचारणार?

मी कधीच कुणाच्या मध्ये बोलत नाही. पण बोलले, आणि चक्क मोठ्याने. "चौथं मिळालं! पण स्टेपनी राहिलीय अजून."

"व्हॉट्स अ स्टेपनी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, चेहऱ्याकडे. मग तिथेच जमिनीवर ऐसपैस बसले आणि फोन तोंडाशी धरला.

"अरे गाढवा, स्टेपनी माहीत नाही? डिकीतलं पाचवं चाक! ते तर या चारांहून दुर्मीळ. पण आधी तुला कोंबडीचं सांगतो. वेळ आहे ना तुला?"

"आहे बाबा. टेल मी."