बादशहाच्या सुतकाचं पिठलं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर तापी ओलांडून जैनाबादला पिठलं-भाकरी पोचवली. कोणाकडे? मला माहीत नाही. तिलाही नव्हतं. कोणी म्हातारा वारला, एवढं तिनं घाटावर कपडे धुताना ऐकलं होतं.

माझी बायको ठकू ही अशी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण देतात, ही रीत सगळीकडेच आहे. पण शेजारी म्हणजे किती लांबचा, हे ठकूला कधी उमगलंच नाही. ओळख विचारायची नाही, पत्ता धड माहीत नाही, टोपली डोक्यावर घेतली की निघाली. "रडणाऱ्यालाही पोट असतं," म्हणायची. एकदा सहज चुना मागायला सोनाराकडे गेली. सोनार महिनाभर खाटेवर पडलेला. हिला दारात पाहिलं आणि ताडकन उठून बसला. "मी आहे अजून, ठकूबाई!"

त्या दिवशी जैनाबादहून आलो. तिनं टोपली धुऊन पालथी घातली, छातीत कळ आली म्हणाली, आणि संपली. मग आमच्या ओट्यावर इतकं पिठलं आलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा तोंड फिरवून बसली.

पण मला सांगायचं आहे ते नागपूरचं. शाळा माझी फार झाली नाही, जमेल तसं लिहितो.

भाच्याच्या लग्नाला आम्ही नागपूरला गेलो होतो. ठकूला लग्नाचं काही नव्हतं, तिला अजबबंगला, म्हणजे जुन्या वस्तू काचेत मांडलेला सरकारी बंगला, पाहायचा होता. तिचा बाप आमच्या बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात जरीचे शेले विणायचा. त्याचा एक शेला कोणा गोऱ्या साहेबानं नेला आणि नागपूरला काचेत ठेवला, असं तिनं लहानपणी ऐकलेलं. तेवढा एकदा डोळ्यांनी पाहायचा होता.

लग्न लागलं. मध्ये एकच दिवस मोकळा, मग आमची परतीची गाडी. आणि नेमका तिकडे विलायतेत बादशहा वारला. अजबबंगला बंद, बाग बंद, कचेऱ्या बंद. टांगेवाला म्हणाला, "आज नागपुरात पाहायला फक्त कुलपं आहेत."

आम्हाला हे काही कळेना. बऱ्हाणपूरही एकेकाळी राजधानीच. आमच्याकडे मोगल बादशहाच्या हमामात शेळ्या शिरतात, त्यांना कोणी विचारत नाही.

ठकू विचारात पडली. म्हणाली, "म्हणजे सरकारला सुतक आहे. मग आज सरकारची चूल पेटली नसेल."

"वेडी झालीस का? सरकारला कुठली चूल?"

तोवर ती लग्नघरात बेसन मागत होती. बायका कडाडल्या, "मांडवात सुतकाचं पिठलं? काही शरम?" ही मुकाट्यानं परसात गेली आणि तीन दगड मांडून बसली.

अजबबंगल्याच्या फाटकावर एक मिशाळ पहारेकरी होता. ठकूनं त्याच्यापुढे टोपली ठेवली, पदर कपाळावर ओढला आणि उकिडवी बसली.

"फार वाईट झालं. वय काय होतं?"

"कोणाचं?"

"बादशहाचं. मुलं हाताशी आलीत ना?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी आभाळाकडे.

"माय, तू कोठची व्हय?"

"बऱ्हाणपूरची. खाऊन घे. रडणाऱ्यालाही पोट असतं."

"म्या कुठं रडून रायलो?" तो म्हणाला, पण भाकरी त्यानं उचलली. अर्धी संपल्यावर स्वतःच बोलला, "किल्ली साहेबाकडं हाय माय, नाहीतर दावलं असतं."

"शेला आहे का आत? जरीचा? माझ्या बापानं विणलेला?"

"कपड्याची खोली हाय. लय कपडे हायेत. त्यातला तुह्या बापाचा कोणता, म्या कसं सांगू?"

ठकू फाटकाच्या गजांतून आत पाहत राहिली. आत नुसता रस्ता आणि एक झाड. मग त्या परक्या माणसाला म्हणाली, "शेला नेला आणि चार दिवसांत बाप गेला. त्या गल्लीत आम्ही नवे होतो. कोणीच काही आणलं नाही. आई रडत होती, आणि मला भूक लागली होती. बाप मेला तरी मला भूक लागते, याची इतकी लाज वाटली ना..."

सारा जन्म मी तिच्या मागे टोपल्या वाहिल्या. खूळ आहे, असंच समजत होतो. हे मला कधी बोलली नव्हती.

पहारेकऱ्यानं उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले. एक तिच्यापुढे धरला. "तू बी खाय माय." दोघं कुलपाखाली बसून जेवली. बादशहाचा एवढा दुखवटा नागपुरात दुसऱ्या कोणी पाळला नसेल.

पुढे दरवर्षी ती गाठोडं बांधायची, "चला, नागपूरला जाऊन येऊ." आणि दरवर्षी गावात कोणी ना कोणी मरायचं. गाठोडं सोडून ती पिठाला हात घालायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "बाप काचेत आहे, कुठे जातो? यांची चूल आज बंद आहे."

तिला तापीकाठी पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि स्टेशनकडे निघालो. गल्लीतले आडवे आले.

"दाजी, सुतकात घर सोडतात का? कुठे निघालात?"

"तिच्या माहेरी कळवायचं आहे."

"अहो, तिच्या माहेरचं आता आहे कोण?"

मी नागपूरचं तिकीट काढलं आणि गाडीत बसलो.