नदीत पाय सोडून बसण्याबाबत

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून बऱ्या झाल्यावर सासूबाईंनी एकच मागणी केली. एखाद्या नदीकाठी जाऊन पाण्यात पाय सोडून थोडा वेळ बसायचे आहे, असे त्या म्हणाल्या. मागणी किरकोळ होती, त्यामुळे ती ताबडतोब गांभीर्याने घेण्यात आली.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. बिनखिडकीच्या खोलीत बसून त्यांनी हयातभर दुसऱ्यांचे फोन दुसऱ्यांना जोडून दिले. निवृत्त झाल्या, यजमान गेले, गुडघा गेला, आणि त्या मुलीकडे राहायला आल्या. मुलगी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून ती इतकी दमत असे, की घरी कोणी तोंड उघडलेले तिला खपत नसे. जावई रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. माणूस अत्यंत सज्जन. सासूबाई घरी आल्या त्याच आठवड्यात त्यांनी टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावले, न्हाणीघरात खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि बाल्कनीला जाळी ठोकली. सासूबाईंना आता घरात कुठेही काहीही होऊ शकत नव्हते.

जावयांनी मागणीचा सर्व बाजूंनी विचार केला आणि शहरापासून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असे एक नदीचे खोरे निवडले. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून वाहणारी नदी, काठाला दाट झाडी. पूर्वी लोक तिथे जात, डबा खात, आडवे होत आणि परत येत. पुढे खोरे विकास प्राधिकरण स्थापन झाले. निसर्ग इतकी वर्षे कोणाच्याही देखरेखीशिवाय पडून आहे, हे त्या प्राधिकरणाच्या लक्षात आले, आणि तेव्हापासून खोऱ्यात जायला फाटक आहे.

फाटकावर हिरव्या टोपीतल्या बाईंनी हसून स्वागत केले आणि कोणती ॲक्टिव्हिटी करणार, असे विचारले. सासूबाईंनी पाण्यात पाय सोडून बसायचे असल्याचे सांगितले. बाईंनी संगणकात पाहिले. तिथे दोरीवरून दरी ओलांडणे होते, रबरी होडी होती, कडा चढणे होते, चिखलात लोळणेसुद्धा होते. बसणे नव्हते. बाईंनी पुन्हा एकदा पाहिले आणि व्यवस्थापकांना बोलावले.

व्यवस्थापक आले. गळ्यात दुर्बीण होती, पायांत डोंगर चढायचे बूट होते आणि केबिनमधून फाटकापर्यंत आल्याने धाप लागली होती. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की जो माणूस काहीतरी करतो त्याचा विमा उतरवता येतो. काहीच न करणाऱ्याचा येत नाही, कारण तो पुढे काय करील याचा अंदाज बांधता येत नाही.

जावयांनी मान डोलावली. हा मुद्दा आपल्या कारखान्यात आजवर कसा कोणाला सुचला नाही, याची त्यांना खंत वाटली.

मग व्यवस्थापकांनी मार्ग काढला. पाण्यात पाय सोडणे हे 'जलस्पर्श' या प्रकारात बसवता येईल, तो साहसी क्रीडांमध्ये मोडतो.

"अहो, पण मला साहस करायचं नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "मी नुसती बसणारे."

"आजी, आम्हाला खरी काळजी नुसतं बसणाऱ्यांचीच असते," व्यवस्थापक म्हणाले.

सासूबाईंना नारिंगी रंगाचे जाडजूड जाकीट चढवण्यात आले. गळ्यात शिट्टी अडकवली. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर प्लास्टिकची वाटी बांधली, ती इतकी घट्ट, की गुडघा आहे हे त्यांना सकाळपासून पहिल्यांदाच जाणवले. शेवटी हेल्मेट आले. पाय पाण्यात घालायला डोक्याला कशाला, असे त्यांनी हळूच विचारले. त्यावर जावयांनीच उत्तर दिले, की पाय पाण्यात असले तरी डोके त्याच माणसाचे असते. व्यवस्थापकांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी जाणकार भेटले होते.

पुढचा टप्पा प्रशिक्षणाचा. प्रशिक्षण एका लांबलचक हॉलमध्ये होते. हॉलच्या भिंतीवर नदीचे भले मोठे छायाचित्र लावले होते, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे खरी नदी वाहत होती. तिचा आवाज कमी-जास्त होऊन प्रशिक्षणार्थींचे लक्ष विचलित होई, म्हणून तो बुजवण्यासाठी आत ध्वनिवर्धकावर नदीचा आवाज लावला होता. तो एकसारखा होता. खुर्च्यांपुढे प्लास्टिकचे टब मांडले होते, त्यांत नळाचे पाणी होते.

प्रशिक्षकाने पाय सोडण्याची पद्धत शिकवली. आधी सोबत्याकडे पाहून मान हलवायची, मग डावी टाच, मग डावा पंजा, मग थांबायचे, मग उजवा पाय. जावयांनी ते इतके सफाईने केले, की प्रशिक्षकाने त्यांना पुढे बोलावून सर्वांसमोर पुन्हा करायला लावले. मुलगी काठावर पास झाली. सासूबाईंनी दोन्ही पाय एकदम टबात बुडवले आणि त्या नापास झाल्या.

"आई, जरा लक्ष द्या ना," जावई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. त्यांना अवघडल्यासारखे झाले होते.

सासूबाईंनी लक्ष दिले. दुसऱ्या खेपेला त्या सोबत्याकडे पाहायला विसरल्या. तिसऱ्या खेपेला पास झाल्या, तोवर दुपार कलली होती आणि काठ बंद झाला होता. काठावर एका वेळी ठरावीक माणसेच सोडता येतात आणि सकाळी ज्यांचे प्रशिक्षण लवकर आटोपले ती अजून तिथेच आहेत, असे व्यवस्थापकांनी दिलगिरीपूर्वक सांगितले. मात्र नाराज होण्याचे कारण नव्हते. टबातले पाणी मूळचे नदीचेच असते. ते पंपाने वर आणून, गाळून, निर्जंतुक करून दिले जाते. त्यामुळे प्राधिकरणाच्या लेखी आजींचा जलस्पर्श झालेला आहे. छायाचित्रासमोर फोटो तेवढा काढून घ्यावा.

फोटो काढला. मुलीने आईच्या डोक्यावरचे हेल्मेट सरळ केले आणि म्हणाली, "झाले ना गं पाय ओले? चल, आता खाऊन घेऊ."

सासूबाईंनी मुलीकडे पाहिले. काही बोलावेसे वाटले असावे, पण एक्स्चेंजमध्ये मधे बोलायची मुभा नसे, ती सवय अंगात मुरली होती. जरा बाथरूमला जाऊन येते, एवढेच त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या.

स्वच्छतागृहामागे टबातले पाणी टाकून द्यायला नेण्याची वाट होती. तिला फाटक होते, पण दोन्ही हातांत टब असलेल्या माणसाला कडी लावता येत नाही, म्हणून ते उघडेच राहत असे. वाट थेट नदीपर्यंत जात होती. सासूबाई काठी टेकत खाली उतरल्या. हेल्मेट, जाकीट आणि गुडघ्याची वाटी त्यांनी काढून नीट एकावर एक ठेवली, चपला काढल्या, आणि एका सपाट खडकावर बसून दोन्ही पाय एकदम पाण्यात सोडले.

पाणी घोट्याच्या वर येत होते. थंडगार होते. बोटांशी बारके मासे आले, लुचून गेले, पुन्हा आले. पलीकडच्या डोंगराची सावली अर्ध्या पात्रापर्यंत पसरली होती. गुडघ्यातली ठसठस हळूहळू उतरली. सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत, कारण बघण्यासारखे खूप होते. कितीतरी वर्षांत त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हते, त्यांना कोणी काही सांगत नव्हते, अशी ही पहिलीच वेळ.

जावयांनी त्यांना हॉलच्या वरच्या सज्ज्यातून पाहिले. त्यांना सासूबाईंचा चेहरा दिसला. एवढा निवांत चेहरा त्यांनी आपल्या घरात कधी पाहिला नव्हता, आणि ते क्षणभर थबकले. कोणालाही काही न सांगता कठड्याला टेकून उभे राहणे तेव्हा त्यांच्या हातात होते. तसे करावे असे त्यांना वाटलेही. पण हेल्मेट खडकावर होते आणि डोके त्याच्या बाहेर होते. जावयांनी आपल्या गळ्यातली शिट्टी फुंकली.

भोंगा वाजला. प्राधिकरणाचे बचाव पथक स्थापनेपासून रोज कवायत करत होते, परंतु आजवर त्यांना बुडणारे माणूस मिळाले नव्हते. ते आनंदाने धावले. एक जण शेवाळावरून घसरून डोहात पडला. त्याला धरायला गेलेल्याने रबरी होडी उलटवली. पहिला गटांगळ्या खात खडकापाशी आला, तेव्हा सासूबाईंनी बसल्या जागेवरून काठी पुढे केली. ती धरून तो बाहेर आला आणि त्याने लगेच सासूबाईंना वाचवायला घेतले.

"अरे बाळा, मी बसलेय नुसती."

"घाबरू नका आजी," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"मी नाही घाबरले. तू आधी अंग पूस."

पण तोवर स्ट्रेचर आले होते. सासूबाईंना त्यावर आडवे करून पट्टे आवळण्यात आले, कोरड्या अंगावर ब्लँकेट टाकण्यात आले, आणि सहलीला आलेल्या सर्वांनी हातांत मोबाइल धरून टाळ्या वाजवल्या. मुलगी खरोखर रडत होती. व्यवस्थापकांनी जावयांना मिठी मारली.

यथावकाश योग्य ती कारवाई झाली. त्या काठाला माणूसभर उंचीचे पत्रे ठोकण्यात आले. 'बसणे' या ॲक्टिव्हिटीला रीतसर मान्यता मिळाली. ती हॉलमध्ये, पट्ट्याच्या खुर्चीवर करता येते. प्रसंगावधानाबद्दल जावयांचा सत्कार झाला, आणि घरून निघताना त्यांनी सासूबाईंच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावण्याची, केवळ काळजीपोटी, पद्धत सुरू केली. सासूबाईंनी त्यानंतर कसलीही मागणी केलेली नाही. तब्येत उत्तम आहे.

या सुटकेचा व्हिडिओ तुम्ही पाहिला आहे. त्यात आजी काहीतरी बोलताना दिसतात, पण खाली संगीत घातल्यामुळे ते ऐकू येत नाही. तुमचे डोळे पाणावले, आणि तुम्ही तो तिथल्या तिथे आपल्या आईला पाठवलात. खाली लिहिलेत, 'आई, जपून राहा, कुठे एकटी जाऊ नकोस.' आईने लगेच अंगठा पाठवला. त्या रविवारी ती तुम्हाला काहीतरी विचारणार होती. मग तिने विचारले नाही.