डीपीच्या पट्टीत टिपणीस

आमच्या गल्लीतला डीपी बंद पडला की लोक आधी पंख्याकडे बघतात आणि मग वीज कंपनीला शिव्या घालतात. आमचे शेजारी टिपणीसकाका मात्र मांडीवरची गिटार खाली ठेवतात आणि म्हणतात, "सूर गेला."

मी हे विनोदाने सांगत नाही. आमच्या इमारतीला खेटून, काकांच्या गॅलरीपासून जेमतेम दोन हातांवर, खांबावर ट्रान्सफॉर्मर उभा होता. लोखंडी, तेलकट, डुगडुगता. अख्खी गल्ली त्याला डीपी म्हणते. तो अहोरात्र हूंऽऽ करायचा. तुम्ही-आम्ही त्याला कटकट म्हणू. काका संध्याकाळी कामावरून आले की गॅलरीच्या कठड्यावर वाकायचे, एक कान डीपीकडे, दुसरा गिटारकडे, आणि सगळ्यांत बारीक तार पिळत पिळत त्या हूंऽऽमध्ये बुडवायचे. ती बुडली की तिच्यावरून बाकीच्या तीन. सूर लावायचं बोटाएवढं यंत्र बाजारात मिळतं. मोबाइलवर तर फुकट मिळतं. मी सांगून बघितलं.

"ते बाहेरगावचं सांगतं," काका म्हणाले. "आपण भिवंडीत राहतो."

गिटार म्हणजे कॉलेजातली पोरं गळ्यात अडकवून फोटो काढतात ती नव्हे. ही बास. चार जाड तारा, लांब मान, विजेवर चालणारी. गाण्यात ती असली तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसली तर गाणं पोकळ लागतं. काकांकडे अशा सात आहेत. एकटा माणूस, दोन खोल्या, सात बास. पलंगावर गिटारी झोपतात आणि काका खाली सतरंजीवर. ज्या शहरात एका खोलीत तीन पाळ्यांतले लूम कामगार आळीपाळीने पाठ टेकतात, तिथे गिटारींना पलंग. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले आहे.

"पलंग सरळ आहे गं," ते म्हणाले. "फरशीला उतार आहे. आधी मान बघायची."

"आधी मान बघायची" हे त्यांचं ब्रीद. बासची मान लाकडाची. आत लोखंडी सळई. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान वाकते, तारा वर उचलल्या जातात. मग काका किल्ली घालून सळई पाव फेरा पिळतात आणि लगेच हात मागे घेतात. "घाई नको. लाकडाला कळतं." मग ते लाकूड विचार करत बसतं आणि काका त्याच्यासमोर बसतात. ह्या सगळ्याला ते सेटअप म्हणतात. तार मानेपासून किती उंच, हे मोजायला त्यांच्याकडे लग्नपत्रिकांचे तुकडे आहेत. पातळ पत्रिका, मध्यम पत्रिका, जाड पत्रिका. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तिचे वडील आले, तर काकांनी पत्रिका दोन बोटांत धरून दाबली आणि म्हणाले, "छान. अगदी हवी तेवढी." लग्नाला गेले नाहीत. पत्रिका कापून वापरात आहे.

सगळ्या बास त्यांनी राहनाळहून आणल्या. तिथल्या एका गोदामात ते बिलं बनवतात. लोकांनी ऑनलाइन मागवलेला आणि नको म्हणून परत पाठवलेला माल शेजारच्याच शेडमध्ये लॉटने विकला जातो. काका नवीकोरी बास कधी घेत नाहीत. त्यांना परत आलेलीच लागते. खोक्यावर परतीचं कारण लिहिलेलं असतं आणि काका ते मोठ्याने वाचतात. 'रंग आवडला नाही.' 'अपेक्षेपेक्षा जड.' एकीवर होतं, 'आवाज येत नाही.' त्या गृहस्थांनी ॲम्प्लिफायर घेतलाच नव्हता. नुसत्या तारा छेडून, कान लावून, कंटाळून परत पाठवली. काका ते कारण महिनाभर सांगत होते आणि दर वेळी डोळे पुसेपर्यंत हसत होते.

माझ्याकडे स्कूटर आहे, हा माझा गुन्हा. एका रविवारी मला राहनाळला जावं लागलं. काकांनी खोक्यातून बास काढली, एक डोळा मिटून मानेवरून नेम धरला. मग तिच्या अंगाच्या शिंगासारख्या लाकडी टोकाला चक्क दात लावले आणि तार छेडली. आवाज हाडातून ऐकायचा म्हणे. अंबाडीकडून रोज कामावर येणारा एक हमाल पाठीवरचं पोतं न उतरवता बघत राहिला.

"आवं काका, खायाची न्हाय ती."

"चव बघतोय," काका दात न काढता म्हणाले.

"मंग? कशी हाय?"

"मान बरी आहे. जराशी रुसलीय."

"मंग घ्या की. आमच्यात पन अशीच बघत्यात, आन् रुसलेलीच पदरात पडते."

बास घेतली. येताना ती हिंदकळू नये म्हणून काकांनी माझ्या डिकीतला आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा काढला आणि तिच्या मानेभोवती गुंडाळला. 'नागरिकांनो, किती सहन करणार?' अशा मथळ्याची ती पत्रकं मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिली होती. घरी पोचल्यावर काका म्हणाले, "कागद चांगला वापरता गं तुम्ही. ओल धरत नाही." माझ्या लेखनाला त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव दाद.

तरीही मी त्यांना संघटनेच्या गाण्याच्या पथकात नेलं, कारण आमच्याकडे ढोलकी होती, पेटी होती आणि खालचा भरीव आवाज नव्हता. पेटीवर इरफान. शांतीनगरचा, कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा, स्वभावाने गरीब. काकांनी पहिला सूर लावला आणि इरफानचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं. बास किंचित चढी होती. इतकी किंचित, की चूक कुठे आहे ते सांगता येईना आणि ऐकवतही नव्हतं.

"चाचा, थोडा नीचे उतारो."

"तू वर चढव."

"पेटी कैसे चढेगी चाचा? अंदर पीतल की पत्ती है, जो है सो है."

"मग माझंही जो है सो है. डीपीशी लावून आणलीय."

इरफानने माझ्याकडे बघितलं. मी काकांना बाजूला घेऊन समजावलं, की अख्ख्या देशाची वीज एकच आहे, सगळे ट्रान्सफॉर्मर ह्याच सुरात गुणगुणतात, भिवंडीचं त्यात काही विशेष नाही. वाटलं, आता तरी उतरतील. काका विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे अख्खा देश माझ्या पट्टीत आहे. ही पेटीच तेवढी बाहेर."

गिटार पिशवीत घालून ते घरी गेले. अशा माणसाचं काय करायचं, मला सांगा.

आता मुद्द्यावर येते. त्या डीपीतून तेल गळायचं. पावसात ठिणग्या उडायच्या. एकदा खालच्या भाजीच्या गाडीवरचं प्लास्टिक पेटलं. भाजीवाल्याने पाणी टाकायच्या आत लोकांनी त्याला अडवलं, नाहीतर तो तिथेच चिकटला असता. शाळेची रिक्षा बरोबर त्याच खांबाखाली थांबते. मी पत्रक काढलं: 'डीपी हलवा, मुलं वाचवा.' गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने अर्जावर सही केली. वरच्या मजल्यावरच्या लूम मालकाने केली, जो आजवर कशावरच सही करत नव्हता. वीज कंपनीच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "ज्यांच्या गॅलरीला हा डीपी चिकटलाय त्यांची सही कुठे आहे? त्यांची तक्रार नाही, मग तुमची कसली?"

ती सही टिपणीसांची.

मी गेले तेव्हा काका एका बासच्या तारा बदलत होते. कागद बघितला आणि म्हणाले, "ठेव तिथे. सेटल होऊ दे."

"काका, हे लाकूड नाही. खाली मुलं उभी राहतात."

"माहीत आहे."

"मग? एका सुरासाठी तुम्ही गल्ली जाळणार?"

काकांनी जुनी तार सोडवली. मीच बोलत राहिले. स्वार्थ, बेफिकिरी, मध्यमवर्ग, जे जे मला पत्रकात लिहिता येतं ते सगळं मी त्या दोन खोल्यांत उभं राहून म्हटलं. काकांनी जुनी तार गुंडाळली, तिचं टोक आत खोचलं आणि ती कपाटावर ठेवली.

"बास एकट्याने वाजवायचं वाद्य नाही, सुजाता," ते म्हणाले. "वर कोणीतरी लागतं. गाणारा म्हण, पेटी म्हण. नाहीतर ते नुसतं पाया बांधून ठेवल्यासारखं होतं. घर नाहीच. आमचा ऑर्केस्ट्रा होता. हळदी, लग्नं, पूजा. मग एकेक जण गेला. कोणी आखातात, कोणी बदलापूरला. फोन केला की म्हणायचे, टिपणीस, आज नाही जमणार. पुढच्या रविवारी बघू." त्यांनी गॅलरीकडे मान वळवली. "ह्याने कधी तसं म्हटलं नाही."

मी कागद तिथेच ठेवून आले. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात. "चल. साहेबांकडे मीच येतो." सही केलेली होती. साहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय त्रास आहे डीपीचा?"

"मला काही त्रास नाही," काका म्हणाले. "उलट आहे. पण खाली रिक्षा थांबते. तुम्ही तो हलवा."

हे असं बोलतात का कोणी तक्रार करताना? मी टेबलाखालून पाय मारला. पण साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिथल्या तिथे अर्जावर मंजुरीचा शेरा मारला.

डीपी गल्लीच्या टोकाला, नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गेला. तो उचलायला क्रेन आली तेव्हा काकांनी रजा काढली होती. वायरमन लोकांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि वर गॅलरीतून सूचना केल्या. "हळू. आधी मान बघा त्याची." वायरमननी एकमेकांकडे बघितलं. गल्लीने माझा सत्कार केला. नारळ आणि शाल. शाल काकांनी आणली होती, असं नंतर कळलं.

मग भिंतीपलीकडचा आवाज थांबला. माझी झोपायची भिंत आणि त्यांची वाजवायची भिंत एकच. इतकी वर्षं मी त्या भिंतीवर मुठी आपटल्या. आता भिंत गप्प, आणि मला एक ओळ सुचेना. ह्या माणसाने वाजवलं तरी त्रास, नाही वाजवलं तरी त्रास. जिन्यात भेटले की म्हणायचे, "सेटअप चालू आहे." मी विचारायची, कुठलीचा? "सगळ्यांचाच."

आणि मागच्या आठवड्यात, दिवेलागणीला, दार वाजलं. काका. खांद्याला बास, हातात छोटा ॲम्प्लिफायर.

"तुमचा फ्रिज जुना आहे ना गं?"

"का?"

"जुने फ्रिज गुणगुणतात. तूच म्हणालीस, वीज एकच आहे."

मी दार लोटून घेणार होते. मला कामगारांच्या बसथांब्याचं पत्रक संपवायचं होतं. पण आतून आई म्हणाली, "या हो भावजी. बाहेर काय उभे?" बाबांनी निमूटपणे टीव्ही बंद केला, म्हणजे आधी मोठा सुस्कारा टाकला आणि मग बंद केला.

काका स्वयंपाकघरात, फ्रिजला कान लावून, स्टुलावर. मी दारात, मांडीवर कागद घेऊन. आई ओट्याशी मेथी निवडत होती. काकांनी बारीक तार लावली, मग बाकीच्या, आणि अगदी हळू, एकच सूर धरून वाजवायला लागले. डबे थरथरले. आईला मेथी निवडताना गुणगुणायची सवय आहे. गाणं असं कुठलं नाही. नुसता आवाज, वर जातो, खाली येतो. तो फ्रिज तिच्या लग्नातला, आणि तेव्हापासून ती त्याच्याशेजारी उभी राहून भाज्या निवडते. तिची पट्टी कुठून आली असेल, ते तिलाही माहीत नसणार. ती गुणगुणायला लागली आणि काकांचा हात थबकला. त्यांनी मान वर केली नाही. तारेवरचं बोट तेवढं बदललं आणि ते तिच्या आवाजाखाली गेले. ती वर गेली, ते खाली थांबले. ती खाली आली, त्यांनी जागा करून दिली.

मग खट्ट झालं. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला. काकांना कळलं नाही. डोळे मिटून ते वाजवत होते.

आईला कळलं. तिने एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मेथी निवडून संपली होती. तिने निवडलेली पानं परत परातीत ओतली, आणि गुणगुणत पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली.