बागेतला दंडवत

सरका, अजून जवळ सरका. गोष्ट चीनची आहे, पण मोठ्यानं सांगायची लाज वाटते!

आमच्या राईस मिलसाठी तांदूळ निवडायची मशीन पाहायला मी भाचा ओमेशसोबत हेफेई शहरात गेलो. निघताना देवरीच्या बकाराम महाराजांना छातीठोक सांगितलं, "महाराज, काल्याच्या कीर्तनाले तुमच्या मागं टाळ घेऊन उभा नाही दिसलो, तर नावाचा शिवलाल नाही!" महाराजांचा आवाज बसत चालला होता. हे कीर्तन शेवटचं, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

दहा दिवस झाले. कीर्तनाविना कान उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीसारखे भेगाळले! शेवटच्या दिवशी विमान दुपारचं. सकाळी ओमेश म्हणाला, "मामाजी, फिरून या, पण हरवजा नको!"

"मी? दरेकसाच्या जंगलात नाही हरवलो गा, इथं तर पाट्या आहेत!"

पाट्या चिनी होत्या, ते सोडा.

तळ्याकाठच्या बागेत एक म्हातारबाबा उभे राहून गात होते. मागं आठ-दहा जण साथीला. भाषा कळेना, पण तान घेताना त्यांचा हात थेट महाराजांसारखा वर गेला आणि माझे डोळे भरले. सवयीनं मागच्या ओळीत उभा राहिलो, टाळ्यांचा ठेका धरला. एका बाईनं सरकून जागासुद्धा दिली!

गाणं रंगलं. मला राहवेना. पुढं झालो आणि बाबांसमोर घातला साष्टांग दंडवत!

गाणं थांबलं. एकच किंकाळी! सगळ्यांना वाटलं, पाहुणा गेला! चौघांनी मला उचललं, एकीनं तोंडात कडू गोळ्या कोंबल्या. मी ठणठणीत आहे हे दाखवायला सुटलो, हात जोडले आणि पुन्हा दंडवत घातला.

आली ॲम्ब्युलन्स!

माझा फोन जाताच ओमेश धापा टाकत दवाखान्यात आला. "मामाजी, काऊन पडले जी?"

"पडलो नाही गा, दंडवत घातला! सांग ना त्या डॉक्टरीणबाईले!"

ओमेशनं मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं : घाबरू नका, हे घरी रोज सकाळी असेच आडवे होतात.

बाईंनी आणखी तीन तपासण्या लिहिल्या!

विमान गेलं. पुढचं तिकीट चार दिवसांनी.

काल्याच्या दिवशी मी हॉटेलच्या पलंगावर. बायकोनं, जमुनानं, सगळा किस्सा महाराजांना आधीच सांगितला होता; तिनंच मंडपातून फोन लावून त्यांच्यासमोर धरला. मी डोळे मिटले. घोगरा, थकलेला, पण तोच आवाज :

"भक्ती कशी पाहिजे? आपला शिवलाल चीनले गेला, अन् तिथंही आडवा झाला!"

मंडप हसून लोळला. त्या गदारोळात फोन कटला, तो पुन्हा लागलाच नाही. शेवटच्या कीर्तनातलं माझ्या वाट्याला आलं ते एवढंच!

परतल्यावर महाराजांच्या पाया पडलो. ते कसेबसे कुजबुजले, "त्या बुवाचं गाणं मंग पुरं झालं का गा?"

 चार दिवस तिथं होतो, पण बागेत जाऊन पाहायचं मला सुचलंच नव्हतं!

म्हणून विनंती. कीर्तन संपल्यावर हात जोडाल, तेव्हा त्या म्हातारबाबांची आठवण ठेवा. नाव मला माहीत नाही. शिवलालनं ज्याचं गाणं अर्ध्यात तोडलं तो, एवढं म्हटलं तरी देवाला कळेल.