दहा मिनिटांची शांतता

अर्जातले सगळे रकाने भरून झाले होते. नाव, पत्ता, पदवीचे गुण, आणि ‘शिक्षणात खंड पडल्याचे कारण’ या चार ओळींच्या रकान्यात ‘नंदिनी’ हा एकच शब्द. आता उरला होता व्हिडिओ, आणि उरला होता आजचा दिवस, तोही संध्याकाळी पाचपर्यंतच.

भावनाने स्पीच थेरपीची पदवी घेतली त्याला पाच वर्षं होत आली होती. ज्या कॉलेजात तिला मास्टर्स करायचं होतं, त्यांचा नियम असा की पदवीनंतर पाच वर्षांच्या आत अर्ज करा, नाहीतर आमचा नाद सोडा. म्हणजे हा शेवटचा मोका. अर्जासोबत एक व्हिडिओ मागितला होता : तीन ते पाच वर्षांच्या मुलाशी मोकळ्या गप्पा, दहा मिनिटं, सलग, काटछाट न करता, शांत जागी. पोर घरचंच होतं. साडेतीन वर्षांची नंदिनी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. भावनाला वाटलं होतं, हे काम चहा उतू जायच्या आत होईल.

त्याला आठ दिवस झाले होते. पहिल्या व्हिडिओत उजेड कमी होता. दुसऱ्यात नंदूच्या फ्रॉकवर वरणाचा डाग होता. तिसरा उत्तम झाला होता, पण त्यात नंदूचं बोट पूर्ण वेळ नाकात होतं, आणि ‘आई म्हणून ही बाई काय लक्ष देत असेल’ असं परीक्षकांना वाटेल, या धास्तीने भावनाने तो स्वतःच पुसून टाकला. बाराव्या व्हिडिओपर्यंत नंदूला एवढं कळलं होतं की आईने मोबाईल उभा केला की काहीतरी भयंकर सुरू होतं. ती गप्प बसू लागली.

आज दुपारी तेरावा प्रयत्न हॉलमध्ये झाला. नंदू गप्प बसली हे सासूबाईंना, म्हणजे प्रेमिलाबाईंना, बघवलं नाही. त्या कणकेच्या हातानेच बाहेर आल्या.

“काहून वं नंदू, बोलत काहून नाही? त्या मॅडमले सशाची पोयम म्हणून दाखव ना!”

“आई, पोयम नाही पाहिजे. मोकळ्या गप्पा पाहिजे.”

“मंग पोयम झाल्यावर मार गप्पा. पोरगी गरम तरी होईल.”

नंदू गरम झाली. तिने हात जोडले, “नमस्कार, माझं नाव नंदिनी अश्विन,” असं सुरू करून सशाची कविता म्हटली, वाकून नमस्कार केला, आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हटली. चौथ्यांदा ससा बिळात शिरत होता तेव्हा समोरची रुपरावजींची पिठाची चक्की सुरू झाली, शेजारच्या घरात मिक्सर लागला, आणि कचरागाडी गाणं लावून नारी रोडवरून आत वळली.

भावनाने मोबाईल बंद केला आणि डोकं धरून बसली. साडेतीन वाजले होते.

सासरे देवरावजी हे सगळं आरामखुर्चीतून पाहत होते. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांची अख्खी नोकरी खांबावर गेली होती. वरून खालच्या माणसाशी बोलायची सवय लागल्याने ते शेजारी बसलेल्याशीही तीस फुटांवरून बोलल्यासारखे बोलत. पण सुनेच्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यांचा जीव कासावीस होई. आपण दहावीनंतर खांबावर चढलो, आपल्या घरातली बाई कॉलेजच्या पायऱ्या चढली पाहिजे, असं ते येताजाता सांगत.

“तुले पाहिजे काय नेमकं?” त्यांनी गर्जना केली.

“दहा मिनिटं शांतता, बाबा. बस. बाकी काही नाही.”

“एवढंच ना? सव्वाचारले देतो. तू तयारी कर.”

लोकांच्या दारी काम घेऊन जायचं तर नीट जावं, म्हणून देवरावजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. आणि मागायची शांतता असताना ओरडून मागणं बरं दिसणार नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली घेतला. इथेच घात झाला.

पहिले ते चक्कीवर गेले. “रुपरावजी,” ते कुजबुजले, “सव्वाचारले दहा मिनिटं चक्की बंद ठेवसान. शांतता पाळायची आहे.”

रुपरावजींच्या हातातला डबा तसाच राहिला. तीस वर्षांच्या शेजारात देवरावजींचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. “काहून गा देवराव? काय झालं?”

“भावनाचं आहे. मागून सांगतो. आणखी आठ घरं करायची आहे.”

आणि पांढऱ्या शर्टातले देवरावजी खाली मान घालून पुढच्या दाराकडे वळले.

सव्वाचारला भावनाने बेडरूमचं दार लावलं, नंदूला पलंगासमोर बसवलं, खेळणी मांडली आणि मोबाईल सुरू केला. आणि काय आश्चर्य! चक्की बंद. मिक्सर बंद. कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा गप्प. अशी शांतता तिने लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. सासऱ्यांबद्दल तिच्या मनात माया दाटून आली. तिने कापडी अस्वल उचललं.

“नंदू, हे काय आहे? अस्वल ना? कोणत्या रंगाचं? त्याला कान किती? ते काय खातं? मध खातं ना? मध कुठून येतो?”

नंदूने तोंड उघडलं. पण विचारलेल्याचं उत्तर जुळवायला तिला लागत तीन सेकंद, आणि भावनाला दोन सेकंदांची शांतता झाली की धडकी भरे : ही बोलली नाही तर? परीक्षकांना वाटलं हिला बोलताच येत नाही तर?

“बरं, अस्वल राहू दे. ही काय आहे? गाडी! गाडीला चाकं किती? गाडी कुठे चालली? आजीकडे? का शाळेत?”

“हूं,” नंदू म्हणाली.

वा! भावनाला हुरूप आला. तिने बादली घेतली.

दाराबाहेर काय चाललंय हे तिला कळायला मार्ग नव्हता. प्रेमिलाबाईंनी नंतर सांगितलं ते असं.

आधी रुपरावजी आले. माणूस गेला की दोन मिनिटं शांतता पाळतात हे त्यांना ठाऊक होतं. दहा मिनिटं म्हणजे काहीतरी अंगावर काटा येण्यासारखं असणार, असा त्यांनी हिशेब केला होता. डोक्यावरचं पीठ झटकून, दाराशी चप्पल काढून, हात जोडून ते भिंतीला टेकून बसले. देवरावजींना वाटलं, शांततेला हातभार लावायला आला बिचारा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कृतज्ञतेने मान हलवली. मग शेजारची मिक्सरवाली आली. तिच्यामागे तिची सासू. मग कोपऱ्यावरचे दोघं, मग इस्त्रीवाला, मग ज्यांना सांगितलं नव्हतं तेही, कारण दाराशी एवढ्या चपला आणि आत एवढी शांतता म्हटल्यावर विचारायचं काय उरतं? लोक येत होते, हात जोडत होते, बसत होते. देवरावजींचे डोळे भरून आले. शिक्षणाबद्दल वस्तीत एवढी आस्था आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांचे डोळे भरलेले पाहून बाकीच्यांचेही भरले.

प्रेमिलाबाई ट्रेमध्ये पाणी घेऊन आल्या. कोणी घेईना. मिक्सरवालीच्या सासूने त्यांचा हात घट्ट धरला.

“सहन करा, बाई,” ती पुटपुटली.

“सहनच करून राहिलो ना आठ दिवसांपासून,” प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या. “आता काय, पाच मिनिटं. मंग मोकळी होते पोरगी.”

त्या बाईने पदर तोंडात कोंबला.

नेमका तेव्हा भावनाचा नवरा अश्विन घरी आला. हिंगण्याच्या कंपनीत त्याची पहिली पाळी असे. कंपनीची बस त्याला रोज चार-वीसच्या सुमारास रस्त्यावर सोडायची. आज त्याला चक्की बंद दिसली. मग स्वतःच्या दाराशी चपलांचा ढीग दिसला. मग दारातून भरलेला हॉल आणि पांढऱ्या शर्टात डोळे पुसणारा बाप दिसला. त्याच्या हातातला डबा खाली पडला. रुपरावजी उठले आणि त्यांनी त्याला पिठासकट मिठी मारली.

“हिंमत ठेव, बेटा.”

“कोण?” अश्विनने विचारलं.

“भावना,” रुपरावजी म्हणाले.

“बादली कशाची आहे? प्लास्टिकची ना?” भावना विचारत होती, तेव्हा बेडरूमचं दार भिंतीवर आपटलं आणि “भावनाऽऽ!” अशी किंकाळी फुटली. तिने वर पाहिलं. नवरा उभा होता. पांढराफटक, निम्मा भीतीने आणि निम्मा गव्हाच्या पिठाने.

“अश्विन!” ती दात ओठ खात कुजबुजली, “हळू! रेकॉर्डिंग चालू आहे!”

अश्विनने तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि तो फरशीवर फतकल मारून ओक्साबोक्शी रडू लागला.

त्याच्या मागोमाग दारात सव्वीस माणसं जमली होती. “आहे! आहे! बसली आहे!” कोणीतरी ओरडलं. “मंग गेलं कोण?” इस्त्रीवाल्याने विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्यांना एकदमच काय झालं ते उमगलं, म्हणून सगळे एकदमच गप्प झाले.

त्या शांततेत नंदू उठली. ती बापासमोर जाऊन मांडी घालून बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. भावनाच्या मनात आलं, आता हिला काहीतरी विचारावं. पण रडणाऱ्या नवऱ्याकडे पाहता पाहता ते राहूनच गेलं.

“पप्पा,” शेवटी नंदू म्हणाली. “पडला का?”

अश्विनने मान हलवली. नंदू थांबली.

“मंग?”

“मंग... चपला दिसल्या ना, बेटा.”

“चपला,” नंदू म्हणाली आणि पुन्हा थांबली.

“मले वाटलं तुझी आई गेली. अन् सकाळी तिनं डब्यात पुन्हा दोडके दिले म्हणून मी तिच्यावर खेकसलो होतो. तेच आठवलं.”

“मंग?”

“मंग काही नाही.” अश्विनने बाहीने नाक पुसलं. “दोडके काही वाईट नसते.”

दारातून तीन-चार बायकांचं हुंदका-हसू एकदम बाहेर पडलं, आणि मोबाईलने टुण् करून दहा मिनिटं झाल्याचं सांगितलं.

आणखी एक व्हिडिओ करायचा वेळ नव्हता. एक तर सव्वीस माणसांना चहा झाल्याशिवाय सोडायला प्रेमिलाबाई तयार नव्हत्या, आणि जिवंत सुनेला पाहून सगळ्यांच्या तोंडून एकदमच धरण फुटल्यासारखं बोलणं सुटलं होतं. देवरावजी पुन्हा तीस फुटांवरून बोलायला लागले होते. भावनाने जो होता तोच व्हिडिओ चढवला. गोल चक्र फिरत राहिलं. चार-छप्पन्नला अर्ज पोचल्याचा निरोप आला.

“झालं,” ती पंख्याकडे पाहत म्हणाली. “गेली पाच वर्षं कचरागाडीत.”

“काहून? पाठवला ना?” अश्विन म्हणाला.

“काय पाठवलं ते माहीत आहे का तुला? त्यात तू रडून राहिला!”

नवव्या दिवशी कॉलेजातून फोन आला. भावनाने घाबरून तो स्पीकरवर टाकला, आणि घरातले सगळे जिथे होते तिथे थिजले.

“तुमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला,” प्राध्यापक बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “पहिल्या आठ मिनिटांत तुम्ही मुलीला त्रेचाळीस प्रश्न विचारले. मी मोजले. एकाही उत्तरासाठी तुम्ही दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबला नाहीत. ती एकूण अकरा शब्द बोलली, त्यातले सहा ‘हूं’ होते.”

“हो, मॅडम,” भावना म्हणाली.

“शेवटच्या दोन मिनिटांत तुमच्या मुलीने वडिलांना तीन प्रश्न विचारले. समोर बसली. डोळ्याला डोळा भिडवला. थांबली. त्यांचा शब्द त्यांनाच परत दिला, पुन्हा थांबली. तो माणूस घडाघडा बोलला. मी हा भाग दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दाखवू का, तुमची परवानगी असेल तर?”

“दाखवा, मॅडम. म्हणजे... माझी ॲडमिशन?”

“मुलीला देता आली असती तर तिलाच दिली असती. वयात बसत नाही. तुम्हाला देतोय. एक तारखेला या. आणि घरी शिक्षिका आहे, तिच्याकडून तोवर थांबायला शिकून घ्या.”

फोन ठेवल्यावर देवरावजींनी जी आरोळी ठोकली ती चक्कीच्या आवाजावरून पलीकडच्या गल्लीत गेली. प्रेमिलाबाई साखर आणायला पळाल्या. भावना मात्र सरळ बेडरूममध्ये गेली. नंदू पलंगावर बाहुलीचं पोट पुसत बसली होती. ‘नंदू, काय करून राहिली? बाहुलीला काय झालं? ताप आला का? औषध दिलं का?’ हे सगळं भावनाच्या जिभेवर येऊन दाटलं.

तिने ते गिळलं. मुलीसमोर मांडी घालून बसली. डोळ्याला डोळा भिडवला आणि थांबली. एक सेकंद. दोन. तीन. सात. तिच्या कानशिलावरून घामाचा थेंब ओघळला. अकरा.

नंदूने बाहुली बाजूला ठेवली, आईच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि काळजीने तिचा गाल दाबून पाहिला.

“आई,” ती म्हणाली, “तुझी दाढ दुखून राहिली का?”